भाषेचं वतन

26 जानेवारी 2010 रोजी पोर्ट ब्लेअरला बोआ नावाची एक म्हातारी वारली. अंदमानातली 'बो' भाषा बोलणारं ते शेवटचं माणूस. बोललेलं समजणारं दुसरं कुणी शिल्लक नव्हतं, तर म्हातारी पाखरांशी बोलायची, असं तिची भाषा टिपून घेणाऱ्या अन्विता अब्बी या अभ्यासक बाईंनी सांगितलं आहे. बातमी परदेशातल्या पेपरांतही छापून आली. हजारो वर्षांची भाषा गेली, मानवजातीचा ठेवा गेला, अशी हळहळ झाली. आपल्या प्रजासत्ताकाला त्याच दिवशी साठ वर्षं पुरी होत होती.

हळहळ खोटी होती असं मी म्हणत नाही. पण हिशोब मांडून बघा. 1858 साली इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत बसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक पाच हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज सांगतात. 1901 च्या शिरगणतीत उरले 625. 1961 ला 19. मध्ये गोवर आला, गरमी आली, बंदुका आल्या, जंगल तुटलं. पाच हजारांचे एकोणीस होईपर्यंत शंभर वर्षं गेली आणि एवढ्या काळात त्या माणसांसाठी जगाचा जीव काही कासावीस झाला नाही. माणसं मरत होती तेव्हा दार कुणी ठोठावलं नाही. भाषेच्या मयतीला मात्र सगळे आले.

दोस्त हो, तुम्ही म्हणाल, हा आपला विषय काय म्हणून? वस्तीतल्या नळाला पाणी नाही, ॲट्रॉसिटीच्या केसेस कोर्टात सडतायत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि हा बाबा भाषांच्या मयतीला निघाला. कबूल. पण या प्रश्नाच्या पोटात जो प्रश्न आहे तो आपला जुना ओळखीचा आहे. जगात सात हजारांच्या आसपास भाषा आहेत आणि या शतकात त्यातल्या निम्म्या जातील अशी भीती भाषाशास्त्रज्ञ बोलून दाखवतात. त्या वाचवल्या पाहिजेत, हेही सगळे म्हणतात. वाचवायच्या म्हणजे काय? कुणीतरी त्या बोलत राहायचं, पोरांना शिकवायच्या, त्यांनी पुढच्या पोरांना. हे काम कुणाच्या अंगावर? विद्यापीठातल्या प्रोफेसराच्या नाही. ज्यांना रोजगार मिळत नाही, ज्यांच्या पोरांना शाळेत मागच्या बाकावर बसवतात, त्यांच्या अंगावर. जगाच्या भल्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या, बिनपगारी.

याला आपल्याकडं एक शब्द होता. वतन.

महार वतन म्हणजे काय ते ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी विचारून घ्यावं. गावाची वेस राखायची, सरकारी टपाल पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदारची भाकर. गंमत अशी की हे सगळं 'मान' म्हणून दिलं होतं. बावन्न हक्कांच्या सनदेची गोष्ट आपले बापजादे अभिमानानं सांगायचे. गळ्यातला फास, पण त्याला जरीची किनार. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. वतनं कायद्यानं संपायला 1958 साल उजाडलं. आपल्यातल्याच कित्येकांना तेव्हा वतन सुटल्याचं दुःख झालं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

तर आता प्रश्न असा, की भाषा ही तिच्या लेकरांच्या डोक्यावरचं वतन आहे काय? बाप बोलला म्हणून पोरानं बोललीच पाहिजे काय?

1992 साली अमेरिकेतल्या 'लँग्वेज' नावाच्या भाषाशास्त्राच्या त्रैमासिकात यावर चांगलंच वाजलं. काही मोठ्या भाषाशास्त्रज्ञांनी त्यात लिहिलं की मरणाऱ्या भाषा वाचवणं हे आपलं कर्तव्य आहे. त्यावर पीटर लॅडफोगेड या उच्चारशास्त्राच्या पंडितानं उलट सूर लावला. तो जगभर फिरून आवाज टिपणारा माणूस. केनियाच्या समुद्रकाठाला दाहालो नावाची काहीशे लोकांची भाषा आहे. आपण कुणाची कीव आली की जिभेनं 'च्च् च्च्' करतो ना, तसा आवाज त्या भाषेत चक्क व्यंजन म्हणून येतो. लॅडफोगेडनं एका दाहालो माणसाला विचारलं, तुझी पोरं दाहालो बोलतात का? तो म्हणाला, कानावर पडते, पण बोलत नाहीत, ती स्वाहिली बोलतात. हे सांगताना तो हसत होता. पोरं शाळेत गेली, बापाला येत नाही ते त्यांना येतं, याचा त्याला अभिमान होता. लॅडफोगेडचं म्हणणं एवढंच, की त्याला चूक ठरवणारा मी कोण?

हे वाचलं की आपल्याला पहिल्यांदा बरं वाटतं. पंडितातही एखादा सरळ माणूस निघाला. तो हसणारा बाप आपण पाहिलेला आहे. बोर्डिंगातून सुट्टीला आलेला पोरगा 'नव्हं'ऐवजी 'नाही' म्हणू लागला की ओट्यावर बसून असाच हसणारा बाप आपल्या वस्त्यांतून होता. त्या हसण्यात पोराच्या सुटकेची खात्री होती. त्याला जाऊन कुणी सांगितलं असतं की बाबा, तुझ्या पोरामुळं एक बोली मरते आहे, तर त्यानं काय उत्तर दिलं असतं ते इथं छापण्यासारखं नाही.

पण इथंच थांबता येत नाही. लॅडफोगेडनं हसणं पाहिलं, हसण्याच्या मागची किंमत विचारली नाही. एका ताटात भाकर आणि दुसऱ्या ताटात भाषा ठेवायची, आणि भुकेल्या माणसानं भाकर उचलली की म्हणायचं, बघा, त्यानं राजीखुशीनं भाषा सोडली. ही राजीखुशी कसली? वेठबिगारही अंगठा राजीखुशीनंच उठवायचा, कागदावर तसं लिहिलेलं असायचं.

लॅडफोगेडला पुढच्याच वर्षी, 1993 ला, त्याच त्रैमासिकात नॅन्सी डोरियन या बाईनं उत्तर दिलं. या बाईचं काम आपण सगळ्यांनी वाचायला पाहिजे, कारण तिला स्कॉटलंडमध्ये जे दिसलं ते आपल्या महारवाड्यासारखं आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला सदरलँड म्हणून मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जमीनदार घराण्यानं मेंढ्यांच्या कुरणासाठी आतल्या खोऱ्यांतली कुळं उठवली. त्यातली काही समुद्रकाठाला आणून टाकली आणि सांगितलं, आता मासे मारून जगा. ब्रोरा, गोल्स्पी, एम्बो ही ती गावं. हे लोक गेलिक बोलणारे. हळूहळू आजूबाजूचे सगळे इंग्रजीकडं वळले, हे कोळी मात्र गेलिकच बोलत राहिले. का? भाषेवर फार प्रेम होतं म्हणून? प्रेम असेलही. पण मोठं कारण असं की त्यांच्यात कुणी मिसळतच नव्हतं. त्यांची आळी वेगळी. लग्नं आपसात. गावातले बाकीचे लोक त्यांना हिणवायचे, कोळ्याच्या पोरीला बाहेरचा नवरा मिळणं मुश्किल. गोऱ्या कातडीचे, एकाच धर्माचे, एकाच गावचे लोक, आणि मध्ये अशी भिंत. त्या भिंतीच्या आत गेलिक शाबूत राहिली.

पहिल्या महायुद्धानंतर मासेमारीचा धंदा बसला. पोरं दुसऱ्या कामाला लागली, बाहेर लग्नं होऊ लागली, भिंत पडली. भिंतीबरोबर भाषाही पडली. गेलिक बोललं की कोळी म्हणून ओळख पटायची, आणि ती ओळख तर त्यांना टाकायची होती. 1963 च्या सुमाराला डोरियन तिथं पोचली तेव्हा बोलणारे बहुतेक म्हातारेच होते. 1981 साली तिनं यावर पुस्तक लिहिलं, नावच 'भाषेचं मरण' या अर्थाचं.

मी या कोळ्यांवर पुष्कळ विचार केला. जगात कितीतरी छोट्या भाषा अशाच टिकल्या असतील. बहिष्काराच्या भिंतीआड, डोंगराआड, वेशीबाहेर. ज्याला संस्कृतीवाले 'परंपरेची जपणूक' म्हणतात त्यातली काही जपणूक ही निव्वळ कोंडून ठेवल्याची खूण आहे. मग भिंत पाडायची आणि भाषा मेली तर मरू द्यायची? यातलं पहिलं वाक्य मी बिनशर्त लिहितो. भिंत पाडायचीच. भाषा टिकावी म्हणून माणसाला वेशीबाहेर ठेवा, असं म्हणणारा कितीही मोठा विद्वान असो, त्याला आपण ओळखतो, तो मनुस्मृतीच्या कुळातला आहे. दुसऱ्या वाक्याबद्दल मात्र डोरियनकडं एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याला टोचणारी आहे. तिनं लॅडफोगेडला सांगितलं की बापाचं हसणं हा शेवटचा शब्द नसतो. भाषा टाकणारी पिढी तिच्यापायी सोसलेली असते, म्हणून टाकते. तिच्या नातवंडांनी ते सोसलेलं नसतं. ती उद्या मागं वळून विचारतात, आमची भाषा कुठाय, आम्हाला का दिली नाही?

ही विचारणारी तिसरी पिढी पाहायची तर न्यूझीलंडला जायला हवं. तिथले मूळचे लोक माओरी. गोऱ्यांच्या सरकारनं 1867 साली कायदा करून माओरींच्या शाळांत इंग्रजी आणली. वर्गात माओरी बोललेल्या पोरांना शिक्षा व्हायच्या. पण नुसतं एवढंच सांगून चालणार नाही, कारण 1870 च्या दशकात काही माओरी वडीलधाऱ्यांनीच पार्लमेंटकडं अर्ज केला होता की शाळेत इंग्रजीच असू द्या. त्यांना अक्कल नव्हती असं थोडंच आहे! जमिनीचे कागद इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत, फसवणूक इंग्रजीत. फसवणाऱ्याची भाषा आल्याशिवाय फसवणूक कळत नाही. आपल्या बापांनीही इंग्रजी शाळेचा रस्ता धरला तो याच हिशोबानं. मात्र त्या वडीलधाऱ्यांचा अंदाज एका ठिकाणी चुकला. शाळेत इंग्रजी, घरात माओरी, अशी वाटणी राहील असं त्यांना वाटलं असावं. 1913 साली माओरी शाळकरी पोरांपैकी शंभरातली नव्वद माओरी बोलायची. 1953 ला सव्वीस. 1975 ला पाचाच्याही आत. साठ वर्षांत घर रिकामं.

1972 च्या सप्टेंबरात माओरी तरुणांच्या 'न्गा तामातोआ' या संघटनेनं, म्हणजे 'तरुण लढवय्यां'नी, तीस हजारांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटच्या पायरीवर नेऊन ठेवला. आमची भाषा आमच्या पोरांना शाळेत शिकवा. ही पोरं अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याकडं बघून पेटलेली होती. त्याच 1972 साली, त्याच काळ्या पँथरांकडं बघून, मुंबईत काय उभं राहिलं ते वाचकांना सांगायला नको. एकाच वर्षी, एकाच ठिणगीनं, पृथ्वीच्या दोन टोकांना. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं? आपण अमेरिकेकडं पाहिलं, बाजूला पाहिलं नाही.

आणि या लढवय्यांतल्या पुष्कळांना स्वतःला माओरी धड येत नव्हती. पुढं 1982 साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता इथं पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू झालं. अर्थ, भाषेचं घरटं. सरकारच्या माओरी खात्याचा त्याला हात होता, पण चालवणाऱ्या आज्या-आजोबा. ज्यांना येत होती ती म्हातारी माणसं आणि ज्यांना येत नव्हती ती दुधपिती पोरं, यांना एका छपराखाली बसवलं, मधली पिढी वगळून. 1987 ला माओरी सरकारी भाषा झाली. 2023 च्या शिरगणतीत दोन लाखांच्या वर लोकांनी लिहिलं की आम्हाला माओरीत बोलता येतं. दवाखाना, तुरुंग, बेकारी यांच्या यादीत माओरींचा आकडा आजही गोऱ्यांपेक्षा वाईटच आहे, तेव्हा भाषा आली म्हणजे न्याय आला असं कुणी समजू नये. पण इंग्रजीही राहिली आणि माओरीही परत आली. एक ताट भाकरीचं अन् एक भाषेचं, ही मांडणीच लबाडीची होती, हे त्या आज्यांनी दाखवून दिलं.

आता जरा घरात येऊ. आपणही शब्द मारले आहेत. जाणूनबुजून, ठरवून मारले आहेत. 'जोहार' हा शब्द घ्या. पाटलासमोर लवून तो म्हणायचा असा रिवाज होता. आपण तो टाकला आणि 'जय भीम' घेतला. कुणा भाषाशास्त्रज्ञानं यावर अश्रू ढाळावेत अशी आपली अजिबात अपेक्षा नाही. आणि हाच शब्द झारखंडचा आदिवासी, विदर्भातला गोंड छाती पुढं काढून म्हणतो. त्यानं तो टाकावा असं त्याला सांगायला आपण गेलो तर तो आपल्याला हाकलून देईल, आणि बरोबर करील. शब्द तोच. एका तोंडात तो वाकलेला, दुसऱ्या तोंडात ताठ. तर तो टाकायचा की राखायचा, हे शब्दकोश बघून ठरत नाही, कुणाच्या पुढं उभं राहून म्हणायला लागला त्यावरनं ठरतं, आणि ठरवतो तो म्हणणारा. येसकरपाळी, बलुतं, हाडकी-हाडोळा हे शब्दही तोंडातून गेले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये 1978 साली ते परत आले, पण साक्षीदार म्हणून आले. पंचनाम्यात रक्ताळलेला सदरा ठेवतात, तसे. तो सदरा घालायचा नसतो, पण जाळायचाही नसतो.

उलट, 1956 ला नागपुरात आपण एक अशी भाषा तोंडात घेतली जी जगात कुणाच्याही घरात बोलली जात नाही. त्रिशरण-पंचशील पालीत म्हणायला आपल्या अडाणी आज्या शिकल्या. कुणी सक्ती केली नव्हती. म्हणजे मेलेली भाषाही माणसं उचलतात, ती माणूस म्हणून उभी करत असेल तर.

संविधानाचं कलम 29 याच रेषेवर उभं आहे. नागरिकांच्या ज्या कुठल्या गटाला स्वतःची वेगळी भाषा, लिपी, संस्कृती असेल त्याला ती जतन करण्याचा हक्क आहे. शब्द नीट वाचा. हक्क. 1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत बाबासाहेबांनी या कलमाचा खुलासा केला, तेव्हा उदाहरण दिलं मद्रासेतून मुंबईत आलेल्यांचं आणि बंगालात जाऊन राहिलेल्या महाराष्ट्रीयांचं. कुठलाही गट, कुठंही गेलेला, त्याची भाषा त्याच्या हातात. राज्यानं कायदा करून दुसऱ्याची संस्कृती त्याच्यावर लादायची नाही. म्हणजे वतन नाही, आणि बंदीही नाही. हक्काची गंमत ही की तो न वापरण्याचीही मुभा असते. पण वापरायचा म्हटलं तर शाळा लागते, मास्तर लागतो, पुस्तक लागतं, पैसा लागतो.

पैसा कुठं जातो? 2011 च्या शिरगणतीत संस्कृत ही मातृभाषा लिहिणारे देशभरात 24,821. भिली लिहिणारे एक कोटी चार लाख. गोंडी लिहिणारे जवळजवळ तीस लाख. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, भिली नाही, गोंडी नाही. 2017 ते 2020 या तीन वर्षांत केंद्रानं संस्कृतवर 640 कोटींच्या वर रुपये खर्च केले. याच संस्कृतच्या वर्गात शाळकरी भीमरावाला बसू दिलं नव्हतं, फारसी घ्यावी लागली होती. हजारो वर्षं कान झाकून ठेवलेल्या भाषेला राखायला सगळा देश राबतो, आणि भिल्लाच्या भाषेनं मात्र स्वतःच्या हिमतीवर जगावं. भाषा वाचवण्याच्या गप्पा मारणाऱ्याला पहिल्यांदा हा ताळेबंद दाखवावा.

पण बोट नेहमी वरच रोखून चालत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, आपल्यातल्याही काहींनी खाल्ले. त्या मराठीच्याच राज्यात, बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी गावं आहेत. तिथं आणि पलीकडं मध्य प्रदेशच्या हद्दीत निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जगातल्या कुठल्याही भाषेच्या कुळात बसत नाही. मराठीच्या नाही, तेलुगूच्या नाही, कोरकूच्याही नाही. शेजाऱ्यांचे शब्द तिच्यात भरपूर शिरलेत, पण तळाशी जो गाळ उरतो तो फक्त तिचा आहे. पाण्याला निहालीत 'जोप्पो' म्हणतात. बोलणारे दोन-अडीच हजार.

1906 च्या सरकारी भाषा-पाहणीत ती मुंडा भाषांच्या खंडात घातली. 1962 साली कायपर नावाच्या डच पंडितानं तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिचा तळ कुठल्याच भाषेशी जुळत नाही हे त्यानं दाखवलं, पण त्याबरोबर एक शंकाही काढली, की ही चोरट्यांच्या गुप्त बोलीसारखी बनवलेली भाषा तर नसेल? ही शंका आपल्या भटक्या-विमुक्त भावांच्या ओळखीची आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून पोलिसाला जी बोली कळत नाही ती चोराची. पंडितालाही तसंच वाटावं! पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी निहालांत बसून काम केलं. के. एस. नागराजांचं पुस्तक 2014 ला आलं. ती पुरी, स्वतंत्र भाषा आहे.

निहाल बहुतेक शेतमजूर. आजवर कोरकूंच्या, आणि मराठी-हिंदी बोलणाऱ्यांच्या शेतात राबत आले. कोरकू स्वतः आदिवासी, स्वतः गांजलेले, पण निहालाला ते आपल्या खालचा मानतात. अनुसूचित जमातींच्या यादीतसुद्धा निहाल हे नाव स्वतंत्र नाही, कोरकूच्या नोंदीत पोटात घातलेलं आहे. निहालाला निहाली येते, कोरकू येते, मराठी येते, हिंदी येते. कोरकूला कोरकू, मराठी, हिंदी. मराठी माणसाला मराठी, आणि जमलं तर हिंदी-इंग्रजी. जो जितका खाली तितक्या जास्त भाषा त्याच्या डोक्यात, आणि वरून खाली कुणी काही शिकत नाही. बाबासाहेबांनी जातीबद्दल जी श्रेणीबद्ध विषमता सांगितली तिचा नकाशा पाहायचा असेल तर कोण कुणाची भाषा शिकतो एवढंच बघावं. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी, आणि प्रत्येकाच्या पायाखालीही कुणीतरी. त्या पायऱ्यांवर आपण कुठं आहोत? शुद्ध मराठीवाल्यांनी आपल्याला हिणवलं, आपण आपली रांगडी मराठी छापून त्यांच्या तोंडावर मारली, ठीक झालं. पण निहालाच्या पोरापुढं आपणही मराठीवालेच आहोत. त्या भागातल्या शाळेत आपलाच एखादा शिकलेला भाऊ मास्तर म्हणून उभा असू शकतो, आणि 'जोप्पो' म्हणणाऱ्या पोराला तो म्हणतो, पाणी म्हण, पाणी. 'नव्हं' म्हटल्यावर त्याच्या बापाला असंच कुणीतरी टोकलेलं असतं.

दर शिरगणतीत मातृभाषेचा रकाना असतो. पण बोलणारे दहा हजारांच्या आत असतील तर त्या भाषेचं नाव जनगणनेच्या भाषांच्या तक्त्यात छापलं जात नाही, 1971 पासून हा शिरस्ता आहे. म्हणून 2011 च्या तक्त्यात 121 भाषा आहेत, निहाली नाही. केंद्रानं 2013 साली दहा हजारांखालच्या भाषा टिपून ठेवायची योजना काढली, मैसूरच्या भाषा संस्थेत. टिपणं चांगलं आहे. पण टिपून कपाटात ठेवलेल्या भाषेत शेतावर हाक मारता येत नाही.

पुढची शिरगणती 2027 साठी जाहीर झाली आहे, जातीच्या रकान्यासह. जातीच्या रकान्यासाठी आपण सभा घेऊ, पत्रकं काढू. शेजारच्या मातृभाषेच्या रकान्याकडंही बघायला हवं. घरोघर जाऊन तो भरणारे बरेचदा शाळामास्तरच असतात, आणि त्यांत आपली पोरं पुष्कळ. निहाल बाप संकोचून 'कोरकू लिवा' म्हणाला तर काय लिहायचं? कोरकूच लिहायचं, कारण सांगणं त्याच्या हातात आहे, आपल्या नाही. पण 'निहाली' असंही लिहिता येतं, त्यानं सवलत जात नाही की रेशन तुटत नाही, हे त्याला आधी कुणीतरी सांगितलेलं पाहिजे. आणि दहा हजारांखालच्या भाषांचे आकडे छापा, निहालांच्या पोरांना पहिली दोन वर्षं त्यांच्या भाषेत समजावणारा त्यांच्यातलाच मास्तर द्या, असा अर्ज करायचा झाला, तर तो निहालांच्या अंगठ्यानं आणि सहीनं जायला हवा. त्यांना तो करायचाच नसेल तर विषय तिथं संपला. करायचा असेल तर कागद, शाई आणि तालुक्याला जायचं एस्टीचं भाडं आपण द्यावं.